निघतानाची ओळ

रविवार, अठरा तारीख, सकाळी साडेदहा, येरवडा. हजर : तुझी सुजाता, लेक प्रज्ञा, तुझे थोरले भाऊ, भन्तेजी, विहारातली सतरा माणसं, आपल्या जुन्या ऑफिसातून जोगळेकर सर आणि मी, आणि कसब्यातून शंकरमामा तांबट, ज्यांच्या कारखान्याच्या माडीवर आपलं ऑफिस होतं. गैरहजर : ऑफिसातले बाकीचे सगळे. त्यांची कारणं मी फोनवर विचारून लिहून घेतली आहेत. वाचून दाखवण्यासारखी नाहीत.

मिलिंद, तुझ्या जलदानाच्या कार्यक्रमात कोपऱ्यात बसून हजेरी घेणारी बाई कोण असणार, हे तुला सांगायला नको. "यादीबाई, माझ्या नावापुढं काय लिहिलंस?" असं तू विचारलं असतंस. काही लिहिलं नाही. तिथं पेन थांबलं होतं, आणि तेवढ्यात तुझा फोन वाजला.

खरंच तुझाच. सुजातानं तो बंद केलेला नव्हता. टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेला होता, तुझी सवय तशीच चालू ठेवल्यासारखा. बुद्धवंदना चालू होती. एकदा वाजला, थांबला, पुन्हा वाजला. प्रज्ञा तो घेऊन आत गेली आणि मिनिटाभरात माझ्याजवळ येऊन वाकली. "मावशी, कुठल्यातरी रक्तपेढीतून आहे. शिंदेबाई म्हणून कोणी. त्यांना बाबाच हवेत."

मी स्वयंपाकघरात गेले.

"सर हायेत का?"

"मी मंजिरी बोलते. ऑफिसातली. आपण भेटलोय, तुमच्याकडं चार दिवस टायपिंग केलं होतं."

"अगंबाई, यादीवाल्या मॅडम! सरांना द्या ना जरा. नवीन सॉफ्टवेअरवाले परवा यायचेत, मंगळवारी अकराला. ते म्हणतात, जुनं आधी काढून ठेवा, नोंदी काय कुठं जात नाहीत, त्या आम्ही मागनं उचलतो. मी म्हटलं, मशीनवर सरांची चिठ्ठी हाय. विचारल्याशिवाय काढायचं नाही."

"शिंदेबाई, सर गेले. आज त्यांचं जलदान आहे."

पलीकडं कुणीतरी ट्रे ठेवल्याचा आवाज आला.  मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "मग आता कुणाला विचारायचं?"

मी म्हटलं, "मला." दुसरं कोणी उरलंच नव्हतं. कारण ते सॉफ्टवेअर काढलं की नोंदी कुठं जातात, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक बाहेरच्या खोलीत फोटोत होता.

बाकीच्यांसाठी नीट सांगते. तू मध्ये बोलू नकोस. ज्या वर्षी पुण्यात ज्याच्या त्याच्या गॅलरीवर संगणकाच्या क्लासची पाटी लागत होती, त्या वर्षी आपण नऊ जण तांबट आळीत माडीवर बसून रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर करत होतो. दाते, गट, फोन नंबर, बाटल्या, तारखा. लिनक्सवर, कारण ते फुकट होतं आणि जोगळेकर सर पुणेकर होते. अकरा तालुक्यांत ते बसवलेलं होतं. ते जायचं एका पॅकेजमधून. त्या पॅकेजच्या पोटात दोन छोट्या स्क्रिप्ट असायच्या : एक येताना काय करायचं ते सांगणारी, एक निघताना. त्या तू लिहायचास. तपासायचे मी.

माझी चुकांची वही होती. प्रत्येक चुकीला नंबर, प्रत्येक नंबराला चिठ्ठी, चिठ्ठी वहीत डकवलेली. सत्तेचाळीस नंबरची चिठ्ठी मला पाठ आहे : "सॉफ्टवेअर काढल्यावर नोंदींचा फोल्डर मशीनवर मागे राहतो. पूर्ण साफ व्हावं." तू खाली लिहिलंस, "राहू दे. फोल्डर आपला नाही, त्यांचा आहे." आणि चिठ्ठी बंद केलीस. मी उघडली. "साफ म्हणजे साफ." तू पुन्हा बंद केलीस. "भाडेकरूनं घर सोडताना मालकाची भांडी उचलून न्यायची का?" तिसऱ्यांदा मी लाल पेनानं रेघ मारली आणि वही सरांपुढं ठेवली. सरांनी न वाचता "पूर्ण साफ" लिहून सही केली. तू माझ्याकडं बघितलंस, खुर्ची ओढलीस आणि चार मिनिटांत ती ओळ लिहिलीस. घड्याळ मी बघितलं होतं. निघताना, नोंदींसकट सगळं पुसून टाकणारी ओळ.

मी तपासलं. कोऱ्या मशीनवर बसवलं : खूण. त्याच मशीनवरून काढलं, काही मागे राहिलं नाही : खूण. मला त्या स्वच्छ मशीनकडं बघून बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

माझ्या यादीत नव्हतं ते हे. जुन्यावर नवं पॅकेज चढवलं, तर आधी नवं आत येतं आणि मग जुनं बाहेर पडतं. बाहेर पडताना जुनं स्वतःची निघतानाची स्क्रिप्ट चालवतंच. आपण कायमचे चाललोत की मागच्याला जागा करून देतोय, हे स्क्रिप्टला एका आकड्यावरून कळतं. शून्य आला तर मागे कोणी नाही. एक आला तर कोणीतरी आहे. पुसण्याआधी तो आकडा बघायचा असतो. तुझ्या चार मिनिटांत ते राहिलं. माझ्या दोन खुणांत ते सापडणं शक्य नव्हतं.

पुढच्या वर्षी नवी आवृत्ती तयार झाली. अकरा सीडी कुरिअरनं गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाअकराला तू ऑफिसच्या मशीनवर जुन्यावर नवं चढवून बघितलंस, सहज म्हणून. मी समोर डबा पुसत होते. तुझा चेहरा कसा झाला ते मला अजून सांगता येत नाही. तू एवढंच म्हणालास, "मंजू, सीड्या कुठवर पोचल्या?" तू मला मंजू कधीच म्हणायचा नाहीस.

अकरा नावांची यादी मी काढली. एक फोन, दोन माणसं. तू सांगायचं, मी खूण करायची. सीडी घातली नसेल तर घालू नका. घालायचीच असेल तर अशी आज्ञा द्या, म्हणजे निघतानाची स्क्रिप्ट चालणार नाही. आणि खाली शंकरमामांचे चार हातोडे तांब्याच्या पत्र्यावर. तू त्या आज्ञेची अक्षरं ओरडत होतास, "दोन आडव्या रेघा! मग एन, नाशिकचा! ओ, उस्मानाबादचा! अहो, उस्मानाबादचा इंग्रजीत ओच असतो! एस, साताऱ्याचा!" पलीकडचे गृहस्थ म्हणत होते, तुमच्याकडं कुठं लग्न आहे का? शेवटी तू मला खाली पिटाळलंस.

मामा भट्टीपुढं बसले होते. मी म्हटलं, "मामा, तासभर हातोडे बंद ठेवाल का? रक्तपेढ्यांचं काम आहे, फोनवर ऐकू येत नाही."

"तुमच्या त्या डबड्यांनी वर्षभर आमचा पंखा हळू फिरतोय, ते ऐकू येतं का कुणाला?" असं म्हणून त्यांनी हातोडा खाली ठेवला. मग कारागिरांना म्हणाले, "बसा रे. रक्ताचं काम म्हणतायत." आणि तासभर नाही, संध्याकाळपर्यंत त्या कारखान्यात ठोका पडला नाही. आज ते येरवड्याला दोन बस बदलून आले होते. मला म्हणाले, "पोरगं ओरडायचं फार, पण खाली येऊन आभार मानून गेलं होतं. तुम्ही नाही आलात." बरोबर आहे. आलेच नव्हते.

दहा ठिकाणी आपण वेळेवर पोचलो. अकरावा फोन साडेतीनपर्यंत लागला नाही. लागला तेव्हा शिंदेबाई आनंदात होत्या. "सर, सीडी सकाळीच आली, लगेच घातली बघा! नवीन फार छान दिसतंय. फक्त आत नावं कोणतीच दिसत नाहीत."

दुसऱ्या दिवशी जोगळेकर सरांनी सगळ्यांना बसवलं. विचारलं, "ओळ कोणी लिहिली?" तू म्हणालास, "मी." सर म्हणाले, "वाटलंच होतं. तुमच्याकडून अपेक्षा ठेवणं हेच आमचं चुकलं." वही माझ्या मांडीवर होती. बंद. सत्तेचाळीसाव्या चिठ्ठीवर माझं अक्षर होतं, लाल रेघ होती, सरांची सही होती. मी वहीवर हात ठेवून बसले होते. तिचं पुठ्ठ्याचं कव्हर एका कोपऱ्यात उचकटलं होतं, ते मी दाबत राहिले. बैठक वीस मिनिटांत संपली.

मग एसटीनं आपण शिंदेबाईंकडं गेलो आणि चार दिवस कागदी रजिस्टरांवरून दात्यांची नावं पुन्हा टाइप केली. फोन नंबर रजिस्टरात नव्हते, ते फक्त मशीनवर होते. तिसऱ्या दिवशी बाळंतपणाला आलेल्या एका बाईसाठी ओ निगेटिव्ह हवं होतं. रजिस्टरात दात्याचं नाव होतं, गाव होतं, नंबर नव्हता. तू हॉस्पिटलच्या जीपमध्ये बसून त्या गावाला गेलास. मी टाइप करत राहिले आणि दर दहा नोंदींनंतर दाराकडं बघत राहिले. पावणेतीन तासांनी तू एका माणसाला घेऊन आलास. त्याच्या पायात चिखल होता, तो ऊस तोडत होता. ती बाई वाचली. तिचं नाव मी विचारलं नाही. ज्या यादीत ते असायला हवं होतं, ती मी केलीच नाही.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "तू आकडा बघायला हवा होतास."

"हो."

"नुसतं हो?"

"आणि तू ओळ मागायला नको होतीस. झालं?" मग दिवेघाटाकडं बघत म्हणालास, "तू वही उघडली असतीस तर काय झालं असतं, सांगू? सर तुला ओरडले असते. सोमवारी सगळे विसरले असते. मी चुकलो की तसं होत नाही. मी एकटा चुकत नाही, यादीबाई. लोक म्हणतात, बघा, यांना घेतलं की असं होतं."

"मग तूच उघडायची होतीस."

"वही तुझी."

आपलं भांडण तिथंच थांबलेलं आहे. त्यानंतर आपण शेकडो वेळा बोललो. मंडईत भाजी घेताना, तुझ्या लग्नात, माझ्या आईच्या आजारपणात तू रक्त द्यायला आलास तेव्हा. त्यावर कधीच नाही. त्या वर्षी ऑफिसातून चार महिन्यांसाठी परदेशी जायचं होतं, दोन नावं ठरलेली होती, दुसरं तुझं. सरांनी ते कापलं आणि नवी यादी टाइप करायला मला सांगितली. तुझ्या जागी मी माझंच नाव टाइप केलं. तू हात मिळवलास आणि म्हणालास, "थंडीचे कपडे तुळशीबागेत घेऊ नकोस. पातळ असतात." मी तुळशीबागेतच घेतले. थंडी वाजली.

आज तो विषय निघायला नको होता. पण वंदना झाली, चहा आला, आणि सर काठीवर दोन्ही हात ठेवून तुझ्या भावांना म्हणाले, "फार सज्जन माणूस. हुशारही. आता, एक मोठी चूक झाली होती त्याच्या हातून, पण आम्ही कधी ती मनात धरली नाही."

सुजाता बिस्किटांची ताटली घेऊन तिथंच उभी होती. तिची मान खाली गेली. सवय असल्यासारखी.

मी म्हटलं, "सर, ती सत्तेचाळीस नंबरची चिठ्ठी. मागणी माझी होती. खाली सही तुमची आहे. मिलिंदनं दोनदा नाही म्हणून लिहिलं होतं."

"असेल, असेल. आता काय त्याचं? एवढी वर्षं झाली."

"शिंदेबाईंच्या मशीनवर ती ओळ अजून आहे, सर. आत्ता त्यांचाच फोन होता."

सरांनी कप खाली ठेवला. मग थोड्या वेळानं रिक्षा मागवली. मी सुजाताला सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, क्रमानं, जसं मला येतं तसं.  संपल्यावर ती म्हणाली, "मला इतकी वर्षं वाटत होतं, यांचंच काहीतरी मोठं चुकलं होतं. विचारलं की म्हणायचे, ओळ माझी. बास, एवढंच." ताटली तिनं खिडकीत ठेवली. "ताई, हे मला नव्हतं सांगायचं. त्यांना सांगायचं होतं."

 म्हणून हा कागद.

निघताना प्रज्ञानं तुझी खिशातली डायरी दाखवली. "बाबा म्हणायचे, मी याद्या करत नाही. ही बघा." अकरा नावं. दहांपुढं खुणा, माझ्यासारख्याच तिरक्या. अकराव्यापुढं खूण नाही. तेव्हा टायपिंग झाल्यावर शिंदेबाईंनी हट्ट धरला होता, आम्हाला जुनंच द्या, तुमची नवी सीडी या खोलीत नको. हाताशी होती त्या जुन्या सीडीवरून तू जुनंच बसवलंस, त्या ओळीसकट. एकदा बसलेल्या पॅकेजच्या आतली ओळ बदलता येत नाही. ते काढताना तिला चालू द्यायचं नाही, एवढंच हातात असतं. म्हणून तू चिठ्ठी लावलीस. आणि पुढं कंपनी बंद झाली, आपण सगळे पांगलो, तू दुसरीकडं चिकटलास, तरी वर्षातून एकदा तिकडं जाऊन नोंदींची प्रत काढून आणत राहिलास. डायरीत प्रत्येक फेरी लिहिलेली आहे. कुणी सांगितलेलं नसताना. शेवटची दोन वर्षं कोरी. ती तुझ्या आजारपणाची. म्हणजे दोन वर्षांत आलेले दाते, त्यांचे नंबर, फक्त त्या एका मशीनवर आहेत.

आणि अकराव्या नावाशेजारी पेन्सिलनं, बारीक : ४७.

तुझ्या स्क्रिप्टमध्ये माझं नाव तू कुठं घातलं नाहीस, चिठ्ठीचा नंबरही नाही. मी नंतर शोधून बघितलं होतं. इथं मात्र तो आहे. आठवणीसाठी होता, की हे मंजूचं काम, ते राहिलंय, असं म्हणायचं होतं, की नुसता राग होता, हे मला कळत नाही. तू असतास तरी सांगितलं नसतंस.

तुझ्यामुळं मी बदलले, हे मात्र तुला कळायला हवं होतं. माझ्या हाताखाली आता सहा मुली आहेत. त्यांच्या यादीत पहिली ओळ : कोऱ्यावर नाही, जुन्यावर चढवून बघा. दुसरी : निघताना जे त्यांचं आहे ते ठेवून निघा. त्या विचारतात, मॅडम, हे कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हणते, कामाला लागा.

आता संध्याकाळचे साडेसात. शिंदेबाईंना मी स्वयंपाकघरातूनच सांगितलं होतं, मशीनला कुणाला हात लावू देऊ नका, मी उद्या येते. प्रत त्यांनीच काढावी असं सुचवून बघितलं, तर म्हणाल्या, "मला नोंदी करता येतात मॅडम, बाकी सगळं सर करायचे." मग म्हणाल्या, "खोलीलाच कुलूप लावते." पण पाचला त्यांची ड्यूटी संपते. रात्री किल्ली कुणाकडं राहते, आणि जुनं काढून ठेवायचा निरोप त्यांनाही गेलाय का, हे मी विचारलं नाही. यादीत नव्हतं. पाच वाजल्यापासून त्यांचा फोन लागत नाही. सात वेळा केला.

उद्या सकाळी सहाची गाडी, स्वारगेट. पिशवीत भरलं आहे : दोन कोऱ्या सीडी, एक जास्तीची, तुझी डायरी, प्रज्ञानं दिली, आणि माझी वही. ती आज माळ्यावरून काढली. सत्तेचाळीसावी चिठ्ठी जागच्या जागी आहे, फक्त डिंक वाळून एका बाजूनं सुटली आहे. आधी प्रत काढायची, ती उघडून बघायची, दहा नावं रजिस्टराशी ताडून बघायची, मग दोन आडव्या रेघा, नाशिकचा एन, उस्मानाबादचा ओ.

आठव्यांदा केला. लागत नाही. अकराव्या नावापुढची जागा अजून रिकामी आहे.